दुखणं थांबलं की फॉलोअप बंद! मुलांच्या दातांच्या पुढच्या अपॉइंटमेंटला पालक यावेत म्हणून काय करता येईल?

चांदणवेल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून शेवटी धागा काढलाच. मी लहान मुलांच्या दातांच्या विभागात काम करते. डॉक्टर नाहीये, पण अपॉइंटमेंट देणं, फायली काढणं, घरी काय काळजी घ्यायची ते पालकांना समजावून सांगणं, फोन करणं हे सगळं माझ्याकडे असतं. आणि रोज एकच गोष्ट बघून जीव तुटतो. मूल रात्रभर रडतंय, गाल सुजलाय म्हटल्यावर आईवडील सगळी कामं टाकून येतात, दोन-दोन तास थांबतात, म्हणाल त्या वेळेला हजर होतात. दाढेचं रूट कॅनाल होतं, कॅप बसते, दुखणं थांबतं, आणि मग पुढच्या तारखेला खुर्ची रिकामी. त्यानंतर ते मूल दिसतं ते दुसऱ्या बाजूचा गाल सुजल्यावर.

भूल देऊन एकाच वेळी बऱ्याच दातांचे उपचार केलेल्या मुलांचं तर फार वाईट वाटतं. इतकी कीड होती म्हणूनच भूल द्यावी लागली ना, म्हणजे पुन्हा कीड लागण्याचा धोका याच मुलांना सगळ्यात जास्त, आणि नेमकी हीच मुलं फॉलोअपला गळतात. अशा मुलांमध्ये पुन्हा नव्याने कीड होण्याचं प्रमाण मोठं असतं हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांमधून दिसलेलं आहे. भरलेलं सिमेंट आणि बसवलेल्या कॅपा त्या त्या दातापुरत्या असतात, तोंडातलं बाकी सगळं तेच राहतं. रात्री दूध पिता पिता झोपण्याची सवय तीच, ब्रश मुलाच्या हातात देऊन मोकळं होणं तेच.

लोक "पालक बेफिकीर आहेत" म्हणून मोकळे होतात ते मला पटत नाही. काउंटरवर काय होतं ते मी रोज बघते. मूल नुकतंच खुर्चीतून उतरलेलं असतं, अर्धा ओठ बधिर, ते तो ओठ चावतंय, आई एका हाताने त्याचा हात धरून दुसऱ्या हाताने पिशवीत फाइल कोंबतेय, मागे पुढचा पेशंट उभा, आणि त्या वेळी आम्ही तिला सांगतो की तीन महिन्यांनी दाखवायला या. त्यातलं तिच्या डोक्यात काय शिरणार? "दाखवायला या" म्हणजे कशासाठी या, हे कुणी सांगितलेलंच नसतं. दुखत नाहीये तर काय दाखवायचं, असं तिला वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं?

माझं मत असं झालंय की पुढच्या खेपेला नक्की काय करणार आहोत ते नाव घेऊन सांगितलं आणि तारीख तिथेच पक्की केली, तर पालक येतात. तुमचे अनुभव हवेत, पालकांचे तर खासच. न यायचं खरं कारण काय असतं ते मोकळेपणाने लिहा, इथे कुणी रागावणार नाहीये.

दोघांचीआई

चांगला धागा. खरं कारण विचारलंत म्हणून खरं लिहिते, वेळ. उपचार चालू असताना सुट्ट्या टाकून टाकून संपलेल्या असतात, वरिष्ठांचं तोंड बघवत नाही, मोठ्याची शाळा बुडते, धाकट्याला कुठे ठेवायचं हा प्रश्न वेगळाच. तेव्हा दुखत होतं म्हणून सगळं जमवलं, पण दुखत नसताना परत सुट्टी मागायची म्हणजे कुणालाच पटवून देता येत नाही, घरातल्यांनाही नाही. त्यात आम्ही जिथे जायचो तिथे अपॉइंटमेंट असूनही एवढं ताटकळावं लागायचं की मूल कंटाळून आत जायच्या आधीच रडायला लागायचं. पाच मिनिटं तपासणार आणि त्यासाठी अर्धा दिवस. शाळा सुटल्यानंतरची वेळ मिळाली आणि वेळेवर आत घेतलं तर मी तरी नक्की जाईन. आणि दोन्ही मुलांना एकाच दिवशी बघा ना, वेगवेगळ्या तारखा कशाला देतात ते मला कधीच कळलेलं नाही.

चांदणवेल

दोघांचीआई, एकदम बरोबर. भावंडांना एकत्र बोलावणं ही इतकी साधी गोष्ट आहे आणि बऱ्याच ठिकाणी होत नाही कारण प्रत्येकाची फाइल वेगळी, म्हणून तारीखही वेगळी. आमच्याकडे आता फाइलवरच भावंडाचा नंबर लिहितो. त्याचा दुसरा फायदा म्हणजे एकाला खूप कीड असेल तर दुसऱ्यालाही सुरुवात झालेली असण्याची शक्यता असते, घर एकच, सवयी त्याच, त्यामुळे तेही लवकर सापडतं.

रोखठोक

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. आम्ही फॉलोअपला गेलो होतो. डॉक्टरांनी टॉर्च मारला, आ कर म्हणाले, छान आहे म्हणाले, पुढची तारीख दिली, फी घेतली. असं होत असेल तर लोकांना हा नुसता परत परत बोलावण्याचा धंदा वाटणारच. शिवाय दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत, त्यासाठी किती खेपा घालायच्या? दर सहा महिन्यांनी यायलाच पाहिजे हा नियम कुणी ठरवला?

दंतारोग्य

रोखठोक, प्रश्न रास्त आहे. मी लहान मुलांचा डेंटिस्ट आहे, सविस्तर लिहितो.

आधी सहा महिन्यांचं. सगळ्यांना सरसकट सहा महिने हा काही अटळ नियम नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २००४ सालीच असं मार्गदर्शन दिलंय की १८ वर्षांखालच्या मुलांमध्ये दोन तपासण्यांमधलं अंतर ३ ते १२ महिने असावं आणि ते त्या मुलाचा धोका बघून ठरवावं. म्हणजे ज्याचे दात स्वच्छ आहेत, कधी कीड नाही, त्याला वर्षाने बोलावलं तरी चालेल. ज्याच्या सात-आठ दाढांवर उपचार झालेत त्याला तीन महिन्यांनी. तेव्हा तुमच्या मुलाला अमुक महिन्यांनीच का, हे डॉक्टरांना सरळ विचारा, तो तुमचा हक्क आहे आणि डॉक्टरांकडे उत्तर असायला हवं.

आता "पडणारच आहेत" याबद्दल. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांच्या सुमाराला पडतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. पाच वर्षांच्या मुलाची ती दाढ गेली तर पुढची पाच-सहा वर्षं ती जागा कुणी सांभाळायची? मागून येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि खालच्या दाताला यायला जागाच उरत नाही. म्हणून दाढ काढावी लागली तर तिथे स्पेस मेंटेनर बसवतात, म्हणजे शेजारच्या दाढेवर एक कडं आणि त्याला जोडलेली तार. हे एकदा बसवलं की विसरायचं नसतं. कड्याखालचं सिमेंट हळूहळू विरघळतं, कडं किंचित सैल होतं, त्यात अन्न अडकतं आणि ज्या चांगल्या दाढेच्या आधाराने तार बसवली तीच आतून किडायला लागते. मुलाला काहीही दुखत नाही. बोटाने दाबून बघितलं तर कडं हलतं, काढलं की खाली पिवळट मऊ झालेली दाढ. वेळेवर आला असतात तर सिमेंट बदलून पुन्हा बसवलं असतं, मोजून काही मिनिटांचं काम. आणि उलट बाजूने, खालचा कायमचा दात यायला लागला की ती तार काढावी लागते, नाहीतर तीच आडवी येते.

तसंच दुधाच्या दाढेच्या रूट कॅनालचं. काही उपचार अयशस्वी होतात आणि तेही न दुखता. मुळाशी संसर्ग होतो, हिरडीवर छोटी पुळी येते, तिच्यातून पू वाहून जातो त्यामुळे ठणका लागत नाही. वरून टॉर्च मारून नेहमीच दिसेल असं नाही, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे काढायचा. खाली कायमच्या दाताचा अंकुर असतो, त्याला त्रास होऊ नये हा सगळा खटाटोप.

तुमच्या डॉक्टरांनी यातलं काही तोंडाने सांगितलं नसेल तर तुम्हाला नुसता टॉर्चच दिसणार. ही आमची बाजू कमी पडते हे मान्य करायलाच हवं.

रोखठोक

धन्यवाद डॉक्टर. हे एवढं त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर प्रश्नच आला नसता. दहा-बारा वर्षांपर्यंत दाढा राहतात हे मला खरंच माहीत नव्हतं.

पाऊलवाट

माझ्या पुतण्याचा पुढचा कायमचा दात खेळताना पूर्ण उखडून बाहेर आला होता, दुधात घालून नेला, डॉक्टरांनी परत बसवला, तार लावली. तार काढल्यावर सगळ्यांना वाटलं झालं, जिंकलो. पण डॉक्टरांनी एक कागद दिला होता, त्यावर पुढच्या सगळ्या तारखा आधीच लिहिलेल्या, आणि प्रत्येक तारखेपुढे काय बघणार ते. दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, मग दर वर्षी. तो कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवला होता आणि त्यामुळेच आम्ही गेलो, नाहीतर दात दिसायला एकदम ठणठणीत होता. पुढच्या एका एक्स-रेमध्ये मूळ विरघळायला लागलेलं सापडलं, बाहेरून काही म्हणजे काही कळलं नसतं.

दंतारोग्य

पाऊलवाट, तो कागद आदर्शच म्हणायचा. उखडून परत बसवलेल्या कायमच्या दातासाठी अगदी हेच वेळापत्रक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे आणि निदान पाच वर्षं तरी पाठपुरावा करा असं म्हटलंय. मूळ विरघळणं दुखत नाही, तिथेच सगळे फसतात.

कळफलक

मी सॉफ्टवेअरवाला, दातातलं काही कळत नाही, पण अपॉइंटमेंट रिमाइंडरवर काम केलंय म्हणून लिहितो. मोबाइलवर आठवणीचा मेसेज पाठवला की काहीच न पाठवण्यापेक्षा हजेरी वाढते, आणि तो परिणाम साधारण फोन करण्याइतकाच असतो, असं २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे आरोग्यावरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आलंय. तेव्हा मेसेज हवाच, स्वस्तात मस्त. पण मेसेजमध्ये काय लिहिता यावर बरंच अवलंबून. "आपली अपॉइंटमेंट उद्या आहे" एवढंच लिहू नका. कुणाची, किती वाजता, काय करणार, किती वेळ लागेल, आणि जमत नसेल तर याच मेसेजला उत्तर देऊन तारीख बदला. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच ठिकाणी मेसेज येतो पण त्याला उत्तर देता येत नाही, फोन लावला तर एंगेज, मग माणूस म्हणतो जाऊदे.

आणि एक मजेशीर प्रयोग वाचला होता, इंग्लंडमधल्या दवाखान्यांतला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला. पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख-वेळ नर्सने लिहून देण्याऐवजी पेशंटला स्वतःच्या हाताने कार्डावर लिहायला सांगितलं, तर न येणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटलं. खर्च शून्य.

चांदणवेल

कळफलक, हे फारच कामाचं आहे. स्वतःच्या हाताने लिहायचं तर आमच्याकडे मुलांनाच लिहायला लावता येईल, सात-आठ वर्षांची मुलं आवडीने लिहितील, आणि मग घरी तीच आईच्या मागे लागतील की माझी तारीख आलीये. उद्यापासून करून बघणार.

गुरुजी६२

शाळेत आयुष्य गेलं माझं. शिक्षकांच्या बाजूने एक सांगतो. मूल दातांसाठी तासभर उशिरा येणार असेल तर बहुतेक शिक्षकांची काही हरकत नसते, पण पालकांना विचारायचा संकोच वाटतो आणि मग ते सुट्टीपर्यंत ढकलतात, सुट्टी लागली की गावाला जातात. दवाखान्याने शाळेच्या नावे छापील दोन ओळींची चिठ्ठी दिली तर पालकांचं निम्मं ओझं उतरेल. तसंच परीक्षेच्या दिवसांत तारखा देऊच नका, त्या फुकटच जाणार.

सोनसकाळी

आजी म्हणून लिहिते. मुलगा-सून दोघं कामावर, नातीला दाताच्या डॉक्टरांकडे न्यायचं काम माझ्याकडे. पण सूचना आईला फोनवर, मेसेज वडिलांच्या मोबाइलवर, आणि घेऊन जाणार मी! मला तारीख कळायची ती आदल्या रात्री, कधी कधी दुसऱ्या दिवशी. जो माणूस मुलाला घेऊन येतो त्याचाही नंबर लिहून घ्या हो. आणि आम्हाला मोठ्या अक्षरात कागदावर द्या.

दुसरं म्हणजे, फ्लोराइड लावल्यावर काय खायचं, ब्रश कधी करायचा हे मला कुणी सांगितलंच नाही, मी घरी नेऊन लगेच दात घासले तिचे.

चांदणवेल

सोनसकाळी आजी, नमस्कार, आणि फार बरं झालं तुम्ही लिहिलंत. नंबराचं अगदी खरं आहे, फॉर्मवर "पालकांचा नंबर" असा एकच रकाना असतो, तो बदलायला हवा. फ्लोराइडचं वार्निश लावल्यावर ते काही तास दातांवर राहायला हवं असतं म्हणून त्या दिवशी कडक-चिवट आणि गरम काही देऊ नका, आणि ब्रश कधी करायचा ते तिथल्या डॉक्टरांना विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगतात. आणि हे वार्निश एकदा लावून भागत नाही, धोका असलेल्या मुलांना दर तीन ते सहा महिन्यांनी लावतात. किडलेल्या जागेवर ते काळं पडणारं औषध, सिल्व्हर डायमिन फ्लोराइड, लावलं असेल तर तेही साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं असतं, एकदाच लावून सोडलं तर कीड पुन्हा चालू होऊ शकते.

अबोली_फुले

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. आमच्यासाठी प्रश्न वेगळाच आहे, आठवणीच्या मेसेजने सुटणारा नाही. ड्रिलचा आवाज, तो दिवा, हातमोज्यांचा वास, वेटिंगमधली गर्दी. एकदा उपचार निभावले की पुन्हा त्या दारात न्यायची माझीच छाती होत नाही. आम्हाला ज्यांनी खरी मदत केली त्यांनी काय केलं, तर दिवसातली पहिली वेळ दिली, थेट आत घेतलं, पहिल्या खेपेला नुसतं खुर्चीत बसवून परत पाठवलं. काहीही केलं नाही. दुसऱ्या खेपेला आरसा दाखवला, हातात दिला. दर वेळी तीच खोली, त्याच ताई. आता तो स्वतः बूट घालून तयार होतो. त्यामुळे माझं म्हणणं असं की फॉलोअप ही न दुखणारी भेट आहे तर तिचा उपयोग भीती घालवायला करा, सगळ्याच मुलांसाठी.

दंतारोग्य

अबोली, शंभर टक्के सहमत. मूल फक्त दुखतानाच आमच्याकडे आलं तर त्याच्या डोक्यात दवाखाना म्हणजे दुखणं हेच पक्कं होतं. मध्ये दोन-तीन साध्या भेटी झाल्या की ते गणित बदलतं. आणि घरी "ऐकलं नाहीस तर डॉक्टरकडे नेईन, सुई टोचतील" हे कृपा करून कुणी बोलू नका.

वाराणीवेळ

न येणाऱ्यांना दंड लावावा, किंवा आधीच डिपॉझिट घ्यावं, आलात की परत. सरळ उपाय. बाकी ठिकाणी चालतो.

चांदणवेल

वाराणीवेळ, मला हे मुलांच्या बाबतीत मुळीच योग्य वाटत नाही. मोठा माणूस स्वतः चुकवतो, मूल स्वतःहून येऊ शकत नाही, त्याला कुणीतरी आणावं लागतं, मग शिक्षा त्याच्या दातांना का? शिवाय दंडाने सगळ्यात आधी तेच घर तुटतं ज्याच्या हातात आधीच पैसे कमी आहेत, आणि कीड जास्त असलेली मुलं बरीचशी अशाच घरांतली असतात.

आणि यातूनच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लिहिते. एक तारीख चुकली की पालकांना लाज वाटायला लागते. आता गेलो तर बोलणी बसणार. मग दुसरी चुकते, मग सहा महिने जातात, मग तोंड दाखवायलाच नको वाटतं. म्हणून चुकलेल्या तारखेनंतर जो फोन जातो तो कसा जातो यावर सगळं आहे. "तुम्ही आला नाहीत, का नाही आलात" अशी सुरुवात झाली की समोरचा सफाई द्यायला लागतो आणि फोन ठेवतो. मी अशी बोलते, "छोट्याची आई ना? मी दातांच्या विभागातून, कशी आहे हो त्याची दाढ, चावतोय ना त्या बाजूने?" मुलाचं आधी विचारलं की आवाजच बदलतो समोरचा. मग आपोआप सांगतात, अहो ताई यायचंच होतं, सासरे दवाखान्यात होते. मग मी दोन वेळा सांगते, यातली कुठली जमेल. नुसतं "केव्हा येता" विचारलं की "कळवते" म्हणतात आणि ते कळवणं कधी होत नाही.

दोघांचीआई

हे वाचून बरं वाटलं. बोलणी खायची भीती खरी आहे, आणि ती मुलासमोर बसतात त्याचं जास्त लागतं.

नवीनपान

बरेच दिवस वाचनमात्र होते, हा धागा वाचून लिहिते. माझ्या बहिणीच्या मुलीची, ती सात वर्षांची आहे, खालची दाढ काढून ती तारेची कडी बसवलीये आणि दोन दाढांना कॅप. नंतर घर बदललं, बहिणीची नोकरी बदलली, जाणं झालंच नाही, आता वर्ष होत आलं. मुलगी मजेत आहे, काही दुखत नाही. बहीण म्हणते आता कुठल्या तोंडाने जाऊ. तिथेच जावं की नवीन डॉक्टर बघावा? आणि तोवर घरी काय बघायचं?

दंतारोग्य

नवीनपान, जरूर जा, आणि या आठवड्यातच फोन करा. तार वर्षभर कुणी बघितलेली नाही, म्हणजे सिमेंट तपासायलाच हवं. जुन्या ठिकाणी जाणं सोयीचं असेल तर तिथेच, कारण एक्स-रे आणि नोंदी तिथे आहेत. लांब पडत असेल तर त्यांच्याकडून एक्स-रे आणि काय काय केलं त्याचा कागद मागून घ्या आणि जवळच्या डॉक्टरकडे जा.

घरी चांगल्या उजेडात तिला मान मागे टेकवून बसवा. कड्याला स्वच्छ बोटाने हलकेच हात लावा, हलतंय का बघा, ओढू नका. तारेचं टोक हिरडीत रुततंय का, कॅप असलेल्या दाढांजवळ हिरडीवर पुळी किंवा सूज आहे का. आणि सात वर्षांची आहे तर दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ आली असेल. ती कुठलाही दात न पडता गुपचूप मागून येते, त्यामुळे निम्मे पालक तिला दुधाचीच समजतात. तिच्यावर खोल खाचा असतात, ब्रश तिथवर पोचत नाही. अजून कीड नसेल तर त्या खाचा सीलंटने बंद करता येतात, म्हणजे या खेपेला करण्यासारखं बरंच आहे, नुसतं दाखवून यायचं नाहीये. रात्रीचा ब्रश आठ वर्षांपर्यंत तरी मोठ्यांनीच करून द्यायचा हे बहिणीला सांगा.

चांदणवेल

नवीनपान, आणि बहिणीला सांगा फोनवर फार काही समजावत बसायची गरज नाही. "वर्षापूर्वी स्पेस मेंटेनर बसवलाय, तपासून घ्यायचाय, शाळा सुटल्यानंतरची वेळ हवी" एवढं म्हणायचं. आम्ही लोक असा फोन आला की खूशच होतो हो, खरंच. धाकटं भावंड असेल तर त्याचंही नाव त्याच वेळेत घालायला सांगा.

नवीनपान

आहे ना, तीन वर्षांचा. दोघांची एकत्रच मागते. आत्ता बहिणीला हा धागा पाठवतेय, सकाळी ती फोन करेल.